मे महिन्यात १७ महिन्यांच्या बाळाला घेऊन गुहागर: जावं का? आणि राहायचं कुठे?

पिल्लूची_आई_पुणे

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय, कारण रूम धरून ठेवलीये आणि परवापर्यंत अॅडव्हान्स पाठवायचाय.

आमचं पिल्लू १७ महिन्यांचं आहे, चालतं, पळतं, हात धरू देत नाही. मे च्या दुसऱ्या आठवड्यात शुक्रवार ते सोमवार गुहागरला जायचं घाटतंय. सासूबाईंचं माहेर तिकडचंच, त्यांना घरच्या देवाला नारळ ठेवायचाय आणि पिल्लूला सगळ्यांना दाखवायचंय, त्यामुळे "डिसेंबरमध्ये जा" हा सल्ला प्लीज देऊ नका, तो मी स्वतःच घरात देऊन झालाय आणि तो नामंजूर झालाय. नवऱ्याला सुट्टी तेव्हाच आहे.

प्रश्न असा की एवढ्या उन्हात बाळाला समुद्रावर न्यायचं का? नेलं तर किती वाजता, किती वेळ? पाण्यात उतरवायचं की लांबूनच दाखवायचं? सनस्क्रीन एवढ्या लहान मुलाला चालतं का? आणि मेन भांडण राहण्यावरून आहे. एक ऑप्शन सासूबाईंच्या भावाचं जुनं कौलारू घर, वाडीत, एसी नाही, लाइट जाते म्हणतात. दुसरा ऑप्शन बीचला लागून हॉटेल, एसी आहे, तिसऱ्या मजल्यावर सी व्ह्यू रूम. मला एसी हवाय, सासूबाईंना माहेर हवंय, नवरा दोघींना हो म्हणतोय.

गाडीने जाणार. कराड, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण असा रस्ता. पिल्लूला घाटात उलटी होते हे पण सांगून ठेवते.

ठाण्याचा_बाबा

जा हो बिनधास्त. आमची लेक साधारण एवढीच असताना आम्ही मे मध्येच दिवेआगरला गेलो होतो आणि मजा आली, फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की करून जा की ही तुमची नेहमीची बीच ट्रिप नाही. म्हणजे सकाळी आरामात उठून, पोहे खाऊन, दहाला बीचवर, हे विसरा. बाळ तसंही साडेपाचला उठवतंच, ते उठलं की त्याच कपड्यात उचलायचं आणि सरळ वाळूवर. सहा ते साधारण साडेआठ. मग परत, अंघोळ, खाणं, झोप. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा. मधला वेळ खोलीत किंवा सावलीत, आणि तो मधला वेळच मोठा असतो, त्याचा विचार कोणी करत नाही आणि मग दुपारी दोन वाजता मूल रडतंय म्हणून परत बीचवर नेणारी लोकं आम्ही डोळ्यांनी बघितलीयेत.

पाण्यात उतरवा की, पण उतरवा म्हणजे काय तर ओल्या वाळूत बसवा, घोट्याएवढं पाणी आलं गेलं की पोरं खूश. लाटेत धरून उभं करायची हौस करू नका. लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते, मोठ्यांचा पण तोल जातो.

साधा डायपर घालून पाण्यात बसवू नका, तो पाणी पिऊन एवढा फुगतो की पोरगं जागचं हलत नाही. स्विम डायपर मिळतात ते घ्या, पण ते फक्त शी अडवतात, शू नाही, म्हणून गाडीत आणि खोलीत घालू नका. नाहीतर सरळ सुती चड्डी. आणि परत आल्यावर मांडीच्या, मानेच्या घड्यांमधली वाळू आधी गोड्या पाण्याने धुवा, मगच टॉवेल लावा. तशीच पुसली तर घासून लाल होतं आणि रात्रभर जागरण.

हॉटेलच घ्या, एसी पाहिजेच.

हवामानवेडा

एसीच्या भांडणात मी पडत नाही पण एक सांगतो, मोबाईलवरचा आकडा बघून फसू नका. पुण्यात ३९ असेल आणि गुहागरला ३४ दाखवेल, तुम्ही म्हणाल चला थंड आहे. पुण्याचा उन्हाळा कोरडा, घाम येतो आणि वाळतो, वाळताना अंग गार करतो. किनाऱ्यावर दमटपणा एवढा की घाम वाळतच नाही, नुसता गळत राहतो. पुण्यात रात्री पारा २३-२४ पर्यंत तरी उतरतो, तिकडे २७ च्या आसपास अडकून बसतो. म्हणजे शरीराला रात्री पण सुट्टी नाही. हवामान खातं पण उगाच नाही सपाट भागात ४० आणि किनाऱ्यावर ३७ अशी उष्णतेच्या लाटेची वेगवेगळी पट्टी लावत.

आता लोकांना वाटतं मे सगळ्यात वाईट. किनाऱ्यावर खरे चटके बऱ्याचदा मार्च-एप्रिलमध्ये बसतात. तेव्हा जमिनीकडून पूर्वेचे गरम वारे येतात आणि समुद्रावरचं वारं सुटायला उशीर होतो, ते दुपारपर्यंत अडलं की पारा धाडकन वर. मुंबईत सांताक्रूझचा ४२.२ चा रेकॉर्ड १४ एप्रिल १९५२ चा आहे, मे चा नाही. मे मध्ये पश्चिमेचं वारं बऱ्यापैकी बसलेलं असतं, त्यामुळे आकडा उडी मारत नाही पण चिकचिक वाढते.

आणि त्या वाऱ्याचा एक धोका आहे. साधारण अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून छान वारं सुटतं, अंगाला बरं वाटतं, आणि आपण म्हणतो ऊन लागत नाहीये. ऊन लागतच असतं. छत्रीखाली बसलात तरी कोरडी वाळू १५ टक्क्यांच्या आसपास अतिनील किरण परत वर फेकते, लाटांचा फेस तर त्याहून जास्त. त्यामुळे "सावलीत बसवलं होतं तरी गाल लाल झाले" असं होतं.

बाकी मे च्या शेवटच्या आठवड्यात प्लॅन ढकलू नका. २०२५ ला पाऊस २६ मे लाच मुंबईत येऊन बसला होता. पावसाआधी समुद्र पण खवळायला लागतो.

शांता_आजी

आम्ही पोरं कोकणातच वाढवली, कुठलं सनस्क्रीन नि कुठलं काय. सकाळी खोबरेल तेल चोपडायचं, पातळ मलमलचं झबलं, डोक्याला कुंची, आणि खिशात कांदा. काही झालं नाही कोणाला. पण उन्हाचं पोरांना बाहेर काढत नव्हतो हे पण खरं. दुपारी ओटीवर ओलं फडकं टाकून झोपवायचो. तुम्ही आताची लोकं पोराला समुद्र दाखवायला नेता, आम्ही समुद्राकाठी राहून पोराला समुद्रावर न्यायचो नाही. मे महिन्यात तिन्हीसांजेला तर नाहीच.

माहेरच्या घरी रहा गं. हॉटेलात त्या माउलीला काय गोडी.

वॉर्डातली_ताई

मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, मे महिन्यात दरवर्षी तेच तेच बघते म्हणून जरा कडक बोलते, राग मानू नका.

आजी, मलमलचं झबलं आणि कुंची एकदम बरोबर, दुपारी बाहेर न काढणं त्याहून बरोबर. कांदा खिशात असू दे, त्याने नुकसान काही नाही. फक्त उन्हात जाताना अंगाला तेल नको, तेलाने ऊन अडत नाही आणि घामोळं आलेलं असेल तर आणखी चिकटतं.

सनस्क्रीन: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नाही, त्याला सावली आणि कपडे. तुमच्या १७ महिन्यांच्याला चालतं. झिंक ऑक्साइडवालं, एसपीएफ ३० किंवा वर, बिनवासाचं. जायच्या चार दिवस आधी घरी दंडावर थोडं लावून बघा, तिथे जाऊन पहिल्यांदा नको. दर दोन तासांनी आणि पाण्यातून काढलं की परत. पण सनस्क्रीन लावलं म्हणून अकरा वाजता नेता येतं असं नाही. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट आणि मानेवर झालर असलेली टोपी, ह्याने जे काम होतं ते क्रीमने होत नाही. टोपी काढून फेकेल, तुम्ही परत घालायची, हाच खेळ.

पाणी: मागेल तेव्हा देऊ असं नको, ह्या वयात मागत नाहीत. खेळात असताना दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट. अंगावर पीत असेल तर ते मागेल तितकं. ताक, वरणाचं पाणी, पेज सगळं चालतं. शहाळं ताजं फोडलेलं थोडंसं चालतं, आधी कधी दिलं नसेल तर दोन चमच्यांनी सुरू करा. बर्फाचा गोळा, रस्त्यावरचं सरबत नको. उन्हापेक्षा त्या पाण्याने जुलाब होऊन जास्त मुलं आमच्याकडे येतात.

ओआरएसची पाकिटं बरोबर ठेवा, मोठं पाकीट असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकायचं नाही, प्रमाण चुकलं तर उलटा त्रास होतो. केलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं. आणि ते टेट्रा पॅकमधलं गोड फ्रूटी टाइप काहीतरी ओआरएस म्हणून आणू नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, तसल्या पेयांना ओआरएस शब्द वापरायला बंदी केली पण दुकानात विचारलं की अजूनही तेच पुढे करतात. पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलाय का बघून घ्या. आणि ओआरएस हे जुलाब-उलटी, फार घाम गेला तर, उगाच दिवसभर पाजायचं नाही.

आता महत्त्वाचं. ऊन बाधलेलं मूल आधी किरकिर करतं. किरकिर करणारं मूल मला परवडतं, सावलीत न्या, कपडे काढा, पाजा, तासाभरात हसतं. जे मूल अचानक गप्प झालं, मान टाकतंय, हाक मारली तर नीट बघत नाही, रडतंय पण डोळ्यात पाणी नाही, सहा तास डायपर कोरडा आहे, त्याला घेऊन दवाखाना गाठायचा. अंग तापलंय, १०४ च्या वर गेलंय आणि सुस्त आहे तर क्रोसिन पाजून वाट बघत बसू नका, हा ताप वेगळा, औषधाने उतरत नाही. कपडे काढा, साध्या नळाच्या पाण्याने सगळं अंग ओलं करा, पंखा लावा, आणि १०८ ला फोन. झोपाळलेल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

आणि प्रॅमवर ओढणी टाकून सावली करू नका. आत हवा खेळत नाही, भट्टी होते. हे शिकलेली माणसं करतात.

गुहागरकर

गावातलाच आहे, म्हणून राहण्याचं मी सांगतो.

ताई, तुमचं भांडण एसी की माहेर असं नाहीये. डोक्यावर छप्पर कसलं आहे ते बघा. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच बाळ त्या छपराखाली असणार, समुद्रावर जेमतेम चार तास. वरच्या मजल्यावरची स्लॅबची खोली, पश्चिमेला मोठी काच, हेच तुमचं सी व्ह्यू. दुपारी दोननंतर ऊन सरळ काचेतून आत आणि वरून स्लॅब तापलेला, रात्री अकराला भिंतीला हात लावा, गरम लागते. एसी चालू आहे तोवर ठीक. मे मध्ये आमच्याकडे लाइट जाते, वादळी हवा झाली तर तासन्‌तास जाते, आणि बऱ्याच ठिकाणी इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा चालतो, एसी नाही. मग तुम्ही त्या काचेच्या खोलीत.

जुनं कौलारू घर, भोवती नारळ-सुपारीची वाडी, पुढे पडवी, जमीन सारवलेली किंवा लादी, तिथे दुपार हॉटेलपेक्षा नक्की बरी जाते. कौलांच्या फटीतून गरम हवा वर निघून जाते. त्यांनी पुढे पत्र्याची शेड काढली असेल तर मात्र त्या बाजूला बाळाला झोपवू नका. रात्री चिकचिक होणार, ते मान्य. त्यावर उपाय म्हणजे एक चार्जिंगचा पंखा पुण्याहून आणा, पांघरूण कमी, मच्छरदाणी हवीच हवी. वाडीत संध्याकाळी डास फोडून काढतात, आजी तिन्हीसांजेला नको म्हणतात ते काय उगाच नाही.

मी तर म्हणेन मामांकडेच रहा, आणि एसी पाहिजेच असेल तर तळमजल्याची, झाडीत लपलेली घरगुती खोली बघा. सी व्ह्यू नको. समुद्र पाच मिनिटांवर आहे, उशाशी कशाला हवाय.

आता समुद्राचं. लोक घड्याळ बघून येतात आणि भरती-ओहोटी बघत नाहीत. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. म्हणजे अष्टमी असेल तर आठ गुणिले तीन भागिले चार, सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. म्हणजे नेमकं तुम्ही बाळाला घेऊन येणार तेव्हा पाणी वरपर्यंत, ओली सपाट वाळू खेळायला थोडीच, आणि कोरडी वाळू पाचला पण तापलेली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उलट, भरती बाराच्या सुमारास, सहाला ओहोटी. तेव्हा सकाळ-संध्याकाळ पाणी लांब गेलेलं, मोठ्ठी ओली गार वाळू मोकळी, मधेमधे घोट्याएवढ्या पाण्याची डबकी. बाळाला त्याच्याइतकं सुख दुसरं नाही. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे धरा, पण बाळाच्या कामापुरता हा हिशोब चालतो. कॅलेंडरच्या पानावर तिथी असतेच.

मात्र अमावास्येला उधाण असतं, पाणी जितकं लांब जातं तितकं जोरात येतं पण. म्हणून डबक्यात खेळवा, लाटेच्या काठावर नाही. आणि बाळ नेहमी एक हात लांब, जास्त नाही. एकाने फोटो, एकाने बाळ, हे आधी ठरवून घ्या, कारण दोघंही फोटोच काढत असतात.

कोरड्या वाळूवर ठेवायच्या आधी हाताची पालथी बाजू टेकवा, पाच सेकंद ठेवता आली तरच पाऊल. आमची वाळू पांढुरकी आहे तरी दुपारी पाय भाजतात, रत्नागिरीच्या मांडवीला काळी वाळू, तिकडे तर विचारूच नका. सुरूच्या बनात सावली छान असते पण खाली त्याची बारीक बोंडं असतात, अनवाणी बाळाला टोचतात, चटई लागेल. ओल्या वाळूत बारीक खेकडे गोळ्या करून नक्षी काढून ठेवतात ती दाखवा, पिल्लू अर्धा तास हलणार नाही. गाड्या आणि एटीव्हीवाले वाळूवरून जातात त्यांच्याकडे मात्र लक्ष ठेवा, सांगून ऐकत नाहीत.

गणपतीपुळ्याला जाणार असाल तर देवदर्शन करा, पाण्यात कोणीच उतरू नका, मोठ्यांनी पण.

शारजाह_मराठी

आम्ही इकडे ४५ मध्ये राहतो म्हणून दोन शब्द. ऑगस्टमध्ये समुद्राचं पाणी पण अंघोळीच्या पाण्यासारखं कोमट असतं, त्यामुळे "पाण्यात बसवलं की थंड होईल" हे दरवेळी खरं नसतं. कोकणात मे मध्ये पाणी २९-३० असेल, खेळायला छान, पण तापलेल्या मुलाला गार करायचा उपाय तो नाही. इकडे लोक सरळ अंधार पडल्यावर जातात, दुबईत तर रात्री पोहण्यासाठी मोठे दिवे लावलेले बीच केलेत, जुमेराला. कोकणात अंधारात बाळाला घेऊन वाळूवर जाऊ नका एवढंच.

गाडीचं सांगते. उन्हात उभी केलेली बंद गाडी दहा मिनिटांत दहाएक डिग्रीने वर जाते, काच थोडी खाली ठेवून फार फरक पडत नाही. "जरा नारळ घेऊन येतो, झोपलाय तर राहू दे" हे चुकून पण नाही. आणि कार सीटचं धातूचं बकल आधी हाताने चाचपा, मांडीला चटका बसतो. आम्ही सीटवर ओला टॉवेल टाकून उतरतो, परत येईपर्यंत सीट गार.

ठाण्याचा_बाबा

गुहागरकर, काचेच्या खोलीचं पटलं. आमची दिवेआगरची खोली तळमजल्यावर होती म्हणून निभावलं बहुतेक. मी हॉटेलचं मत मागे घेतो, एसीचं नाही 😄

प्रवासाचं कोणी बोललं नाही. घाटात उलटी होते म्हणालात. पहाटे चारला निघा, पिल्लू झोपेतच कार सीटमध्ये. ऊन चढायच्या आत घाट उतरून चिपळूण गाठायचं हे टार्गेट ठेवा, चिपळूण मे मध्ये भयंकर तापतं, समुद्राचं वारं तिथवर येत नाही. घाटाच्या आधी तासभर दूध नको, दुधाची उलटी सगळ्यात वाईट. कोरडं काहीतरी, लाह्या, बिस्किट. कोयनानगरला दहा मिनिटं उतरवून पाय मोकळे करा. एसी २५-२६ वर, थेट तोंडावर नको. १८ वर ठेवून मग एकदम बाहेर काढलं की मोठ्यांचं पण डोकं दुखतं.

उगाच_सल्ला

एवढे कुटाणे करण्यापेक्षा महाबळेश्वरला जा. मुलाला तसंही काही आठवणार नाहीये.

पिल्लूची_आई_पुणे

@उगाच_सल्ला, महाबळेश्वरला सासूबाईंचं माहेर नाहीये हो.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहिल असं वाटलं नव्हतं. गुहागरकर, तुमची पाऊणपट वाचून कॅलेंडर काढलं, आमच्या शनिवारी नेमकी अष्टमी! म्हणजे सहाला भरती. त्याच्या पुढच्या शनिवारी अमावास्या आहे. नवऱ्याने साहेबांना विचारलंय, सुट्टी एक आठवडा पुढे सरकेल असं वाटतंय. सासूबाई म्हणतात अमावास्येला प्रवास नको, तर आम्ही शुक्रवारी जाऊन सोमवारी परत येऊ, मधल्या दिवशी अमावास्या गेली तर त्यांची हरकत नाही.

हॉटेल कॅन्सल करतेय. सासूबाईंनी भावाला फोन केला, पडवीच्या आतली खोली देणार आहेत, वर कौलं आहेत, पत्रा नाही, मी विचारून घेतलं. त्यांना हसू आलं पण सांगितलं.

तीन शंका राहिल्या. एक, घामोळं. पिल्लूला पुण्यातच मानेवर उठलंय, तिकडे वाढेल ना? दोन, खायला काय द्यायचं, मामींचा स्वयंपाक तिखट असतो. तीन, आंबे! तिकडे गेल्यावर आंबा न देणं शक्यच नाही, सगळे हातात फोडी घेऊन उभे असतील.

वॉर्डातली_ताई

घामोळं वाढेल, धरून चाला. दिवसातून दोन-तीनदा साध्या पाण्याने अंघोळ, साबण एकदाच, घड्या टिपून कोरड्या करायच्या, घासायच्या नाहीत. घरात असताना डायपर काढून नुसतं लंगोट किंवा उघडं. पावडर थापू नका, घामात त्याचा लगदा होतो आणि उडालेली नाकात जाते. घामोळ्यात पू दिसला किंवा ताप आला तर डॉक्टर. घामोळं आहे त्या जागी सनस्क्रीन लावू नका, तिथे कपडा.

शांता_आजी

खायचं सोपं आहे गं. मामींना आदल्या दिवशी फोन करून सांग की सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि दुपारी मऊ भात-तूप-मीठ, वरण फोडणीच्या आधी वाटीभर बाजूला काढा. घावन नारळाच्या दुधात बुडवून दे, आवडीने खाईल. फणसाचे गरे एवढ्याशाला नकोत, घशात बसतात.

आंबा दे की, पण देठाचा चीक धुऊन, पाण्यात तासभर ठेवून, साल काढून, आणि चमच्याने. साल चोखायला दिली की तोंडाभोवती चीक लागून पुरळ उठतं आणि मग सगळे उन्हाचं म्हणतात. एका दिवसाला एक-दोन फोडी, पाहुणे कितीही म्हणोत.

आणि मी जे तिन्हीसांजेचं म्हटलं ते डासांसाठीच म्हटलं होतं असं नाही हो, पण असो, डासांसाठी धरा.

गुहागरकर

ताई, आठवडा पुढे ढकलताय ते समुद्राच्या दृष्टीने चांगलं झालं. शनिवारी सकाळी सहाला या, पाणी पार लांब गेलेलं असेल. साडेआठपर्यंत ते बरंच वर यायला लागतं तेव्हा आपोआप घरी जायची वेळ होते, बाळाला ओढून न्यावं लागत नाही. रविवारी प्रतिपदा, भरती पाऊण तास पुढे, ओहोटी पण पावणेसातच्या आसपास, तेव्हा रविवारी संध्याकाळी पाचऐवजी साडेपाचला निघालात तरी चालेल, वाळू तेवढीच जास्त निवते.

येताना पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या गोड्या पाण्याने भरून बीचवर आणा. आमच्याकडचे नळ मे महिन्यात कधी असतात कधी नसतात, आणि खारं पाणी अंगावर वाळवत बाळाला घरापर्यंत नेलं की घामोळ्यावर चुरचुरतं. तिथल्या तिथे डोक्यावरून ओता, टॉवेलात गुंडाळा, चला.

चार्जिंगचा पंखा विसरू नका. गावात मिळेल म्हणून येतात आणि मे मध्ये दुकानात संपलेला असतो.

पिल्लूची_आई_पुणे

पंखा आत्ता ऑर्डर केला. मच्छरदाणी मामींकडे आहे. सुट्टी पण मिळाली!

एकच बाकी, साहेबांनी सोमवारी दुपारी मीटिंग लावलीये, म्हणजे आम्हाला परतीला रविवारी रात्रीच निघावं लागेल बहुतेक. रात्री कुंभार्ली घाट बाळाला घेऊन बरा की सोमवारी पहाटे तीनला?

ठाण्याचा_बाबा

पहाटे तीन. रात्री जेवून निघालात तर ड्रायव्हर दिवसभराच्या उन्हाने दमलेला असतो, पिल्लू नाही. रविवारी दुपारी नवऱ्याला दोन तास सक्तीने झोपवा, संध्याकाळी बीचला तुम्ही आणि सासूबाई जा, आणि रात्री नऊला सगळे आडवे. मीटिंगला तो पोचतो आरामात.

गुहागरकर

पहाटेच निघा. आणि गाडी रविवारी रात्रीच सावरून, पेट्रोल भरून ठेवा, तीन वाजता इकडे पंप उघडे असतील ह्या भरवशावर राहू नका.